रजोनिवृत्तीचा काळ आणि ग्रामीण स्त्रीचे आरोग्य

विजयादशमीला सीमोल्लंघन झाले की तुळजापूरची श्रीतुळजाभवानी पाच दिवस श्रमनिद्रा घेते. महिषासुराशी केलेल्या युद्धाचा शीण घालविण्यासाठी देवी पलंगावर विसावते आणि कोजागरी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर विराजमान होते, अशी श्रद्धा आहे. श्रमलेल्या शरीराला विसावा हवा, मग ती साक्षात आदिशक्ती का असेना, हा भाव या प्रथेमागे आहे. नेमक्या याच दिवसांत तालुक्याच्या शिवारात सोयाबीनच्या काढणीची धांदल असते. त्या काढणीत वाकलेल्या पंचेचाळिशीच्या स्त्रीला एकाएकी अंगातून गरम वाफा उठून घाम फुटतो, रात्र रात्र झोप लागत नाही, चार महिने न आलेली पाळी अचानक येते आणि अंगावरून फार जाऊ लागते. ती कोणाजवळ बोलत नाही. विसावा तर तिला मिळत नाहीच. आपल्या शरीरात काय घडत आहे, हेही तिला कोणी समजावून सांगत नाही.

स्त्रीच्या आरोग्याविषयी गेल्या काही दशकांत ग्रामीण भागात पुष्कळ कार्य झाले. गरोदरपणाची नोंद, दवाखान्यातील बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन आणि अलीकडे किशोरवयीन मुलींचे आरोग्य या सर्वांसाठी योजना आहेत, नोंदवह्या आहेत व त्या नोंदी ठेवणारे कर्मचारीही आहेत. आकडेवारीच्या भाषेत ही स्त्री '१५ ते ४९ वर्षे' या वयोगटात मोडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही स्त्रियांची मुलाखत याच वयोगटापुरती घेतली जाते. शेवटच्या मुलानंतर शस्त्रक्रिया झाली की यंत्रणेच्या दृष्टीने तिचे काम बहुतांशी संपते. परंतु तिच्या आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यापुढे असतो, आणि त्याचा उंबरठा म्हणजे रजोनिवृत्ती होय.

वयाचा टप्पा, रोग नव्हे

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक अंडाशय असते. अंडाशयातील बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो व वयाबरोबर तो कमी होत जातो. अंडाशये केवळ बीज निर्माण करीत नाहीत. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकेही तेथेच तयार होतात. पाळीचे चक्र त्यांच्यावर चालते. शिवाय हाडे, रक्तवाहिन्या, त्वचा, मूत्रमार्ग आणि मेंदूतील शरीराचे तापमान राखणारे केंद्र यांवरही इस्ट्रोजेनचा प्रभाव असतो. बीजांचा साठा संपत आला की संप्रेरकांचे प्रमाण प्रथम अनियमित होते व नंतर घटते. पाळी मागेपुढे होऊ लागते, कधी कमी, कधी अधिक जाते आणि अखेर थांबते. सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते.

भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते. पाश्चात्त्य देशांत हे वय सुमारे ५१ आहे. ४५ वर्षांपूर्वी पाळी गेल्यास ती लवकर आलेली, आणि ४० पूर्वी गेल्यास अकाली आलेली रजोनिवृत्ती समजली जाते. या दोन्ही प्रकारांत डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावयास हवा, कारण हाडांचे व हृदयाचे रक्षण करणारे संप्रेरक शरीराला तितकी वर्षे कमी मिळालेले असते.

सर्वांत परिचित लक्षण म्हणजे गरम वाफा. छाती, मान व चेहरा एकदम तापतो, दरदरून घाम सुटतो, छातीत धडधडते आणि काही मिनिटांत सारे शांत होते. इस्ट्रोजेन घटल्यामुळे मेंदूतील तापमाननियंत्रक केंद्र फार हळवे बनते. शरीर किंचित तापले तरी ते अतिउष्णतेची सूचना देते आणि घाम फोडून शरीर थंड करू पाहते. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात, पत्र्याच्या घरात किंवा चुलीपुढे बसलेल्या स्त्रीला हा त्रास अधिक जाणवावा, यात नवल नाही. हाच प्रकार रात्री घडला की झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेतून चिडचिड, उदासी व विसराळूपणा उद्भवतो. सांधे व स्नायू दुखणे, योनिमार्गाचा कोरडेपणा, त्यामुळे पतिपत्नीसंबंधात होणारी वेदना, लघवीची जळजळ, खोकताना वा ओझे उचलताना लघवी सुटणे ही लक्षणे त्याहूनही कमी बोलली जातात. काहींना हा त्रास काही महिनेच होतो, पुष्कळांना चार-पाच वर्षे किंवा अधिक काळ होतो, तर काहींना जवळजवळ होतच नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चाळिशीनंतरचा प्रत्येक थकवा पाळीच्या खात्यावर मांडू नये. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह आणि रक्तदाब यांची लक्षणे पुष्कळदा अशीच असतात. सतत थकलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय 'वय झाले' असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

मौनाची कारणे

गावच्या बोलीत रजोनिवृत्तीला 'विटाळ गेला' किंवा 'पाळी गेली' असे म्हणतात. या शब्दांत सुटकेचा भाव आहे. महिन्याचे चार दिवस बाजूला बसावे न लागणे, देवघरात व सणावारात मोकळेपणाने वावरता येणे, आरतीला उभे राहता येणे, हे अनेक स्त्रियांना हवेहवेसे वाटते. वयाबरोबर घरात सासूचे स्थान लाभते, तिच्या शब्दाला वजन येते. म्हणून ग्रामीण स्त्रीच्या दृष्टीने हा टप्पा केवळ ऱ्हासाचा नसतो, हे आरोग्यशिक्षण देणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. परंतु याच सुटकेच्या भावनेमुळे त्रासाची वाच्यता होत नाही. जे जाणे चांगले मानले गेले, त्याच्याबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची? शिवाय तक्रार अशा अवयवांची असते, की ज्यांचा उच्चार नवऱ्यापुढेही करावयाचा नसतो.

हे मौन किती खोल असते, हे महाराष्ट्रातीलच एका अभ्यासाने जगापुढे आणले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. परंतु पूर्वी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. आजार सार्वत्रिक होता आणि तपासणी मात्र अपवादात्मक होती.

या मौनातून परस्परविरुद्ध अशा दोन चुका घडतात. जे नैसर्गिक आहे त्याला रोग समजून शस्त्रक्रिया केली जाते. आणि जो खरोखर रोग आहे, तो 'या वयात असे व्हायचेच' म्हणून अंगावर काढला जातो. मराठवाड्यात या दोन्ही चुकांची उदाहरणे आहेत.

पहिली चूक : 'पिशवी' काढून टाकणे

गर्भाशयाला गावात 'पिशवी' म्हणतात. मुले झाली, शस्त्रक्रिया झाली, आता पिशवीचा उपयोग काय, असा प्रश्न सहजपणे विचारला जातो. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे किंवा पाळीच्या वेळी फार जाणे या तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रीला 'पिशवीला सूज आहे, पुढे कर्करोग होईल' असे सांगितले गेले, तर ती भयाने शस्त्रक्रियेस तयार होते. त्यासाठी कर्ज काढले जाते, दागिना मोडला जातो.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न राज्यापुढे ठळकपणे आला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीनुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे साधारणतः सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के आढळले होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखेच नसले, तरी तफावत डोळ्यांत भरण्याइतकी मोठी आहे.

त्यामागची कारणे केवळ वैद्यकीय नव्हती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि कामाचा दिवस बुडाला की 'खाडा' धरून पैसे कापले जातात. फडात पाण्याची, स्नानगृहाची, शौचालयाची सोय नसते. अशा स्थितीत पाळी हे संकट वाटते आणि ती कायमची थांबविणे हा उपाय वाटतो. धाराशिव जिल्ह्यातूनही दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. त्यामुळे हा प्रश्न शेजारच्या जिल्ह्याचा म्हणून बाजूला ठेवता येण्यासारखा नाही.

गर्भाशय काढल्याबरोबर पाळी थांबते, परंतु ती रजोनिवृत्तीच असते असे नाही. अंडाशये जागेवर ठेवली, तर संप्रेरके काही वर्षे तयार होत राहतात. तरीही रजोनिवृत्ती थोडी लवकर येण्याचा संभव असतो. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर मात्र पस्तिशीच्या स्त्रीला एका दिवसात पन्नाशीची रजोनिवृत्ती येते. एरवी वर्षानुवर्षे हळूहळू होणारा बदल एकाएकी होतो. वाफा व निद्रानाश तीव्र होतात, हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या कमरेच्या बळावर मोळी उचलावयाची, तीच कंबर दुखू लागते. एकही खाडा पडू नये म्हणून केलेली शस्त्रक्रिया पुढील कितीतरी वर्षांची श्रमशक्ती हिरावून नेते.

गर्भाशय काढणे काही प्रसंगी आवश्यक, किंबहुना प्राणरक्षक असते. कर्करोग, औषधांना न जुमानणारा तीव्र रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येण्याचा बळावलेला विकार ही त्याची कारणे होत. परंतु पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते व ते औषधांनी बरे होते. अनियमित रक्तस्रावावरही प्रथम औषधोपचार करून पाहता येतात. म्हणून 'कोणता रोग आहे, औषधाने बरा होईल काय, अंडाशये ठेवणार की काढणार' हे तीन प्रश्न प्रत्येक स्त्रीने शस्त्रक्रियेपूर्वी विचारावेत आणि शक्य तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया या अगदी भिन्न आहेत. पहिलीत केवळ बीजवाहक नलिका बंद केली जाते. तिने पाळी जात नाही.

शासकीय पातळीवर याची दखल घेतली गेली आहे. बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांच्या आत अमलात आणण्याचे निर्देश दिले. तथापि स्त्रीला आपल्या शरीराची माहिती नसेल, तर कागदावरील नियम तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी चूक : रोगाला वय समजणे

बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, मग ते एक थेंब का असेना, तर ती 'पाळी परत आली' असे कधीही समजू नये. त्याची तपासणी झालीच पाहिजे. जगभरातील अभ्यासांनुसार अशा शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. उरलेल्यांपैकी बहुतेकींच्या बाबतीत कारण साधे असते, परंतु ते साधे आहे हे तपासणीनंतरच कळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही असा रक्तस्राव, संबंधानंतर रक्त जाणे किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही लक्षणे दिसतात. वेळीच निदान झाल्यास दोन्ही कर्करोगांवर उपचार होऊ शकतात.

येथे धाराशिव जिल्ह्याचा एक मोठा अनुभव सांगण्यासारखा आहे. जिल्ह्यातील फार थोड्या लोकांना तो ठाऊक असेल. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक विस्तृत अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. जिल्ह्यातील गावांचे ५२ गट करण्यात आले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश झाला. चार विभागांपैकी तीन विभागांत निरनिराळ्या पद्धतींची तपासणी झाली. चौथ्या विभागात त्या वेळच्या नेहमीच्या सेवेवरच भिस्त होती, आणि या गोष्टीवर पुढे नैतिक दृष्टीने टीकाही झाली. निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या विभागात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या विभागात ते ६४ होते. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले, ही गोष्ट जगाने या जिल्ह्यातील शेतकरी व मजूर स्त्रियांकडून शिकली.

त्या अभ्यासातील आणखी एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे. तपासणीसाठी ज्यांना बोलाविण्यात आले, त्यांपैकी पाचांत सुमारे चार स्त्रिया आल्या. 'खेड्यातल्या बायका तपासून घेत नाहीत' हा समज त्यामुळे टिकत नाही. गावात येऊन नीट समजावून सांगितले, तपासणी एकांतात व सन्मानाने होईल अशी खात्री दिली, तर स्त्रिया येतात. मौन त्यांच्या स्वभावात नाही. त्यांना कोणी विचारीत नाही, म्हणून ते आहे.

तपासणीची पद्धत निवडतानाही रजोनिवृत्तीचा विचार करावा लागतो. सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहण्याची पद्धत सोपी व स्वस्त असली, तरी पाळी गेल्यानंतर तपासावयाचा भाग आतल्या बाजूस सरकतो व ही तपासणी तितकी भरवशाची राहत नाही. अशा वेळी विषाणूची तपासणी अधिक उपयुक्त ठरते. म्हणून तिशी-चाळिशीतच एकदा तपासून घेणे हिताचे.

हाडे, आहार आणि श्रम

रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांतील कॅल्शियम झपाट्याने कमी होते. त्याची जाणीव होत नाही. साध्या पडण्याने मनगट वा खुबा मोडतो, पाठीला पोक येते, तेव्हा ते कळते. शेतातील श्रमामुळे ग्रामीण स्त्रीला व्यायाम व ऊन मिळते, हे खरे. परंतु अनेक बाळंतपणे व अपुरा आहार यांमुळे मुळातील साठाच बेताचा असतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दररोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, आणि रजोनिवृत्तीनंतर १,२०० मिलिग्रॅम. या भागाचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. ज्वारी बलदायक आहे, परंतु १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असते. तेवढ्याच नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम, राजगिऱ्याच्या पाल्यात ३०० हून अधिक, तर केवळ दहा ग्रॅम तिळांत शंभराहून अधिक मिलिग्रॅम असते. भाकरीबरोबर तिळाची चटणी, ताटात पालेभाजी, पिठात मूठभर नाचणी आणि घरच्या दुभत्या जनावराचे एक पेला दूध किंवा ताक एवढे बदल बहुतेक घरांना परवडणारे आहेत. अडचण असते ती वाटपाची. दूध डेअरीला जाते, उरलेले नातवंडांना मिळते, आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला कोरड्यास उरेलच असे नाही. आहाराचे शिक्षण म्हणूनच केवळ स्त्रियांना देऊन भागणार नाही. ते घरातील पुरुषांनाही द्यावयास हवे.

धूम्रपानाने रजोनिवृत्ती एक-दोन वर्षे अलीकडे येते, असे आढळून आले आहे. ग्रामीण स्त्रियांत विडीपेक्षा मिसरीचे व्यसन अधिक असते. मिसरीही तंबाखूच होय, आणि तोंडाच्या कर्करोगाचा तिच्यातील धोका ध्यानात घेता ती सोडणेच इष्ट. याच वयात रक्तदाब व मधुमेह डोके वर काढतात, म्हणून त्यांची वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

उपचार कोणता, कोणाला

बहुतेक स्त्रियांना औषधांची गरज नसते. हे काय आहे व ते केव्हा तरी थांबणार आहे, एवढे कळले तरी निम्मी चिंता दूर होते. सुती व सैल कपडे, रात्री खेळती हवा, चहा व तिखट यांचे बेताचे प्रमाण यांनी काहींच्या वाफा कमी होतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम बसल्या जागी करता येतो व लघवी सुटण्याच्या तक्रारीवर तो गुणकारी आहे. कोरडेपणासाठी स्थानिक मलम मिळते.

त्रास असह्य असेल तर संप्रेरकांचा उपचार परिणामकारक ठरतो. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर या उपचाराविषयी जगभर भीती पसरली. पुढील विवेचनातून असे स्पष्ट झाले, की साठ वर्षांखालील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, तीव्र त्रास असणाऱ्या बहुतेक स्त्रियांना त्याचा लाभ धोक्यापेक्षा अधिक असतो. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर विकार असणाऱ्यांना मात्र तो देत नाहीत. ज्यांची दोन्ही अंडाशये पंचेचाळिशीपूर्वी काढली गेली, त्यांना नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हा उपचार देण्याची शिफारस आहे. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो.

गावपातळीवर काय करता येईल

या कार्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. जी आहे तिची व्याप्ती थोडी वाढविली तरी पुरे. तिशीवरील प्रत्येक व्यक्तीचा जो प्राथमिक तपासणी तक्ता आशा कार्यकर्ती भरते, त्यात 'रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होतो काय' हा प्रश्न आधीपासूनच आहे. तो घाईने 'नाही' असा भरला जाऊ नये. घरातील इतरांसमोर विचारलेल्या या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही. म्हणून तो एकट्या स्त्रीला, तिच्या बोलीत विचारला जावा. 'पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून कधी गेले का?' असे विचारले तर ती उत्तर देते. उत्तर होकारार्थी आल्यास तिला उपकेंद्रातून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारीही निश्चित असावी.

गावातीलच स्त्रीने आरोग्याचे काम समर्थपणे करावे, ही कल्पना या परिसराला नवी नाही. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ग्रामीण, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. तुळजापूर तालुक्यातच अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' या नावाने गावोगावच्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले. ज्या विषयाचे नाव पुरुष डॉक्टरांपुढे निघत नाही, तो विहिरीवर वा ओसरीवर भेटणाऱ्या अशा शेजारणीपुढे सहज निघतो.

ग्रामपंचायतींची जबाबदारीही मोठी आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. वर्षातून एका महिला सभेत उपकेंद्राच्या परिचारिकेने अर्धा तास या विषयावर बोलावे व स्त्रियांचे प्रश्न ऐकावेत, एवढे ठरवून घेणे सरपंचांच्या हाती आहे. राज्यात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्याने अनेक गावी त्या सरपंच स्वतः स्त्रीच असतात. महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाच्या दहा टक्के निधीतून तपासणी शिबिरासाठी पडदे, तपासणीचे टेबल व वाहनखर्च यांची सोय करता येते. स्थलांतरापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांची तपासणी केल्यास ती अधिक फलदायी होईल. १८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिनही याच सुमारास येतो.

शिक्षकांनाही येथे काम आहे. शाळेत प्रजननसंस्थेचा पाठ शिकविताना पाळीच्या आरंभाइतकेच तिच्या शेवटाविषयीही दोन वाक्ये बोलली जावीत. वर्गातील मुला-मुलींच्या आया नेमक्या याच वयाकडे चाललेल्या असतात. घरात आई एकाएकी चिडते, पहाटे उठून बसते, याचे कारण मुलाला समजले, तर तो तिच्या हातची घागर घेईल. पालक सभेला येणाऱ्या मातांनाही ही माहिती देता येईल.

तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी एक साधी नोंद ठेवण्यास आरंभ करावा : गावातील किती स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे, कोणत्या वयात, आणि त्यांपैकी कितीजणींना अंडाशयांविषयी सांगण्यात आले होते. ज्या गावात हा आकडा इतरांपेक्षा फार मोठा दिसेल, तेथे चौकशीची दिशा आपोआप मिळेल. धाराशिव हा केंद्र शासनाने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. त्या कार्यक्रमात माता व बालकांच्या आरोग्याची मोजदाद नियमितपणे होते; त्या मातेची मोजदाद तिच्या पंचेचाळिशीनंतरही चालू राहिली पाहिजे.

कोजागरीला देवी श्रमनिद्रेतून जागी होते, तेव्हा दर्शनासाठी लाखो भाविक तुळजापुरात येतात. त्यांत पन्नाशीच्या, कष्टाने वाकलेल्या स्त्रिया असंख्य असतात. त्यांच्यापैकी एखादीच्या तोंडून 'पाळी जाऊन दोन वर्षे झाली, पण परवा पुन्हा डाग दिसला' हे वाक्य आशा कार्यकर्तीपाशी, परिचारिकेपाशी किंवा सुनेपाशी न संकोचता निघाले आणि ऐकणारीने तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेले, तर एक जीव वाचू शकेल. दुसरी एखादी 'पिशवी काढा' असे सांगितले गेल्यावर 'का?' असे विचारून घरी परतली, तर तिची कंबर आणखी वीस वर्षे शाबूत राहील. या दोघींना एवढे बोलते करणे, हेच या क्षेत्रातील पहिले काम आहे.